शेवटच्या सत्राची वाट पाहू नका: महाविद्यालयांना एक खुलं पत्र

प्राचार्य, प्राध्यापक आणि प्लेसमेंट विभागात काम करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

गेली १४ वर्षं मी नव्यानं नोकरीत येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे अर्ज वाचते आणि त्यांच्या मुलाखती घेते. हे पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्याला निमित्त ठरली एक मुलाखत, तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

समोर शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. एक पानी बायोडेटा, त्यात मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी, टीममध्ये काम करण्याची आवड, हे सगळं ओळीनं आलेलं. त्याखाली एका ओळीत ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली, गट प्रकल्प’. त्या प्रकल्पात तुम्ही काय केलंत, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘आम्ही ग्रंथालयासाठी सिस्टीम बनवली.’ बरं, त्यात तुमचा भाग कोणता? ‘सगळ्यांनी मिळून केलं.’ असं दहा मिनिटं चाललं. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्यानं कागदावर फुलीही मारली होती. सहज म्हणून मी शेवटचा प्रश्न विचारला, ‘या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?’ आणि ती बोलायला लागली. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदींत एकाच पुस्तकाचं नाव तीन-चार प्रकारे लिहिलेलं होतं, त्यामुळे कोणतं पुस्तक किती वेळा वाचायला गेलं याचे आकडे चुकत होते. बाकीचे म्हणाले, आहे तसं दाखवून टाकू. हिनं तीन आठवडे बसून अकरा हजार नोंदी तपासल्या, नावं जुळवण्याचा एक नियम तयार केला आणि तो ग्रंथपालांना शिकवूनही दिला.

आम्ही नेमकं असंच माणूस शोधत होतो. आणि ही गोष्ट तिच्या बायोडेटात नव्हती, कारण कॉलेजनं दिलेल्या नमुन्यात तिच्यासाठी जागाच नव्हती. तो नमुना तिला मिळाला होता शेवटच्या सत्रात, दोन तासांच्या कार्यशाळेत, दोनशे जणांसोबत.

माझी तक्रार त्या दोन तासांबद्दल आहे. तुमच्यापैकी बहुतेकांची तळमळ खरी असते हे मी जवळून पाहिलं आहे. एकच माणूस वर्ग घेतो, कंपन्यांना फोन करतो, सभागृहाची व्यवस्था पाहतो आणि वर मुलांचे रुसवेफुगवेही काढतो. तरीही सांगायला हवं, की आज जी मदत मिळते ती फार उशिरा मिळते, आणि मुख्यतः ज्यांची तयारी आधीच झालेली असते त्यांनाच तिचा उपयोग होतो. ज्याच्या घरात आधी कोणी अशी नोकरी केलेली नाही, ज्याला विचारायला मामा-काका-ताई नाही, त्याच्यासाठी कॉलेज हीच एकमेव ओळख असते. हे नीट ध्यानात घेतलं तर तयारी कधी सुरू करायची, कोणासाठी करायची आणि त्यात काय असावं, हे सगळंच बदलतं.

‘ओळख’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. वशिला वेगळा आणि ओळख वेगळी, पण आपण दोन्हींची गल्लत करतो आणि मग चांगली मुलं ओळख काढायलाच लाजतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एक साधी मोजणी आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्या ५४ जणांना त्यानं विचारलं, की ज्याच्याकडून ही नोकरी कळली त्या माणसाला तेव्हा तुम्ही किती वेळा भेटत होता? ‘वरचेवर’ म्हणणारे १६.७ टक्के होते. ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा लांबच्या ओळखीचा माणूस कामी आला. कारणही सरळ आहे. रोज भेटणाऱ्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी बातमी लांबून येते. ५४ हा आकडा लहान आहे, पण २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्याचाही कल त्याच दिशेचा निघाला. फार घट्टही नाही आणि अगदीच नावापुरतीही नाही, अशी मधली ओळख नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडली.

आता पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे पाहा. त्याच्याकडे घट्ट नाती भरपूर असतात. आईवडील, भावंडं, जिवाला जीव देणारे मित्र. नसते ती ही लांबची, पातळ ओळख. ती देणं तुमच्या हातात आहे, कारण तुमच्या कॉलेजातून दरवर्षी शेकडो मुलं बाहेर पडून कामाला लागतात. त्यांची यादी बहुतेक ठिकाणी स्नेहमेळाव्याच्या आणि देणगीच्या वेळीच उघडली जाते. ती यादी विद्यार्थ्यांसाठी उघडा. कोण कुठल्या क्षेत्रात आहे आणि वर्षातून दोनदा वीस मिनिटं बोलायला कोण तयार आहे, एवढ्या दोनच गोष्टी माजी विद्यार्थ्यांना विचारा. माझा अनुभव असा, की लोक आनंदानं हो म्हणतात. आपल्या कॉलेजच्या धाकट्या मुलानं नीट विचारलेला प्रश्न टाळणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

पण नीट विचारणं शिकवावं लागतं. ‘सर, कुठे व्हेकन्सी असेल तर सांगा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्याला देण्यासारखं उत्तर समोरच्याकडे नसतं. याऐवजी असं काही लिहून पाहायला सांगा: ‘नमस्कार. मी आपल्याच कॉलेजात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही विमा क्षेत्रात काम करता हे कळलं. या क्षेत्रात नव्या माणसाचा दिवस कसा जातो आणि पुढच्या वर्षभरात मी काय शिकून ठेवावं, हे समजून घ्यायचं आहे. पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरीसाठी शब्द टाका असं म्हणत नाही.’ बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळी आभाराच्या. दोन महिन्यांनी, त्यांनी सुचवलेलं एखादं काम करून झालं की, ते कळवणारा आणखी एक छोटा निरोप. हा तिसरा टप्पा जवळजवळ सगळेच विसरतात. आणि खरी ओळख तिथूनच सुरू होते.

हे दुसऱ्या वर्षाला जमू शकतं. पहिल्या वर्षाला तर त्याहून सोपं एक काम आहे, ज्याला ना निधी लागतो ना अधिकारी. प्रत्येक विद्यार्थ्यानं एक वही ठेवावी आणि दर शुक्रवारी दहा मिनिटं लिहावं: या आठवड्यात मी काय केलं, कुठे अडलो, कसं सुटलं, कोणाला उपयोग झाला. प्रयोगशाळेतलं बिघडलेलं उपकरण असेल, महोत्सवाच्या हिशेबातली चूक असेल, धाकट्या भावाची शिकवणी किंवा दुकानात केलेलं सुट्टीतलं काम असेल. घरच्या व्यवसायात हातभार लावणारी मुलं तर ते काम सांगतच नाहीत. त्यांना वाटतं ते ‘अनुभव’ या शब्दात बसत नाही. बसतं. उधारीची वही सांभाळणाऱ्या मुलीला पैशांचा हिशेब कळतो आणि माणसंही कळतात. हे लिहून ठेवलं नाही तर तीन वर्षांनी तिचं तिलाच आठवत नाही. ग्रंथालयाच्या नोंदी तपासणारी ती मुलगी माझ्यासमोर दहा मिनिटं गप्प होती त्याचं कारण हेच होतं. तिनं काम केलं होतं, पण ते सांगण्याची वेळ त्याआधी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

अशी वही असेल तर बायोडेटा ही दोन तासांच्या कार्यशाळेची गोष्ट राहत नाही, ती निवडीची गोष्ट होते. ‘गट प्रकल्प’ या ओळीच्या जागी येतं: ‘अकरा हजार नोंदींतली दुबार नावं शोधण्याचा नियम तयार केला; ग्रंथपाल आता तोच वापरतात.’ आधी काय होतं, मी काय केलं, त्यानं काय बदललं. विशेषणं सगळी काढून टाकली तरी काही बिघडत नाही. नवोदितासाठी एक पान पुरतं. दोन रकाने, चित्रं, कौशल्यांचे रंगीत पट्टे टाळलेले बरे, कारण अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि सजावटीत मजकुराची मोडतोड होते. स्पेलिंग दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावं. याहून जास्त तंत्र त्यात नाही.

अर्जासोबतच्या पत्राबद्दल मात्र थोडं थांबून सांगते. लिओनार्दो दा व्हिंची साधारण १४८२ च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मागत होता. त्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात तो मुद्द्यांना क्रमांक देऊन सांगतो, की मी हलके, सहज वाहून नेता येणारे पूल बांधू शकतो, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढू शकतो, अमुक प्रकारच्या तोफा करू शकतो. चित्रकला शेवटी येते. त्या सत्ताधीशाला तेव्हा युद्धाची चिंता होती, हे ओळखून पत्र लिहिलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद पत्रांत ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी आभारी राहीन’ असं असतं. त्यात आमची अडचण काय आहे याचा पत्ताच नसतो. अलीकडे तर एआयकडून लिहून घेतलेली इतकी पत्रं येतात की एका सकाळी मी तोच परिच्छेद पाच वेगवेगळ्या नावांखाली वाचला. ती साधनं वापरायला माझी हरकत नाही. भाषा नीट करायला जरूर वापरावीत. पण सांगायचं काय हे त्या मुलाच्या वहीतूनच यायला हवं. पत्रातल्या एखाद्या वाक्यावर मी प्रश्न विचारला आणि त्याला ते वाक्य आपल्या पत्रात आहे हेच आठवलं नाही, तर त्याला फार शरमल्यासारखं होतं. मला ते पाहवत नाही.

मुलाखतीच्या सरावाचंही असंच होतं. ‘स्वतःबद्दल सांगा’ आणि ‘तुमचे गुण-दोष सांगा’ यांची पाठ केलेली उत्तरं म्हणून घेतली जातात. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली, नोकरभरतीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं. त्यात अघळपघळ गप्पांच्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखत, म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण देण्याची आधीच ठरलेली पद्धत, पुढच्या कामाचा अंदाज अधिक चांगला देते असं दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड पुन्हा तपासली. बऱ्याच पद्धतींचं वजन त्यात घटलं, पण आखीव मुलाखत यादीत सर्वांत वर आली. त्यामुळे जबाबदारीनं भरती करणाऱ्या ठिकाणी आता ‘तुमचं आणि सहकाऱ्याचं पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा’, ‘मुदत हुकली तेव्हा काय केलंत’ असे प्रश्न येतात. यांना पाठांतर चालत नाही. स्वतःचे पाच-सहा प्रसंग हाताशी लागतात आणि ते क्रमानं सांगता यावे लागतात: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. बहुतेक मुलं परिस्थिती सांगण्यात तीन मिनिटं घालवतात आणि ‘मी काय केलं’ यावर येईपर्यंत वेळ संपते. मोबाइलवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं तर ही सवय आठवड्याभरात सुटते. तुम्ही प्राध्यापक मंडळींनी इतकंच करा, की तोंडी परीक्षेतला एक प्रश्न असा ठेवा: ‘या प्रकल्पात तुझ्या हातून काय झालं ते दोन मिनिटांत सांग.’ दर सत्राला एकदा. सहा सत्रांत सहा वेळा सांगून झालेलं मूल माझ्यासमोर गप्प बसणार नाही.

आता इंटर्नशिप. इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे.

काम आणि शिक्षण एकत्र बांधण्याची कल्पना नवी नाही. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन सुरुवात केली. एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात, आणि कारखान्यातल्या कामाचा मोबदला. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाची तर १९५७ साली सुरुवातच या पद्धतीनं झाली. दोन्ही ठिकाणी कामाची व्यवस्था हा शिक्षणाचाच भाग मानला गेला आणि तो संस्थेनं आपल्या अंगावर घेतला. आपण मात्र अनेकदा उलट करतो. अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची करतो, तिला क्रेडिट देतो, आणि ती शोधायची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलावर टाकतो. मग ज्याच्या वडिलांचे मित्र कंपनीत आहेत त्याला काम मिळतं, आणि ज्याला कोणी नाही तो पैसे भरून प्रमाणपत्र आणतो. हो, पैसे भरून. इंटर्नशिप देतो म्हणून मुलांकडूनच शुल्क घेणारे, चार व्हिडिओ दाखवून गुळगुळीत प्रमाणपत्र पाठवणारे लोक आहेत आणि तसली प्रमाणपत्रं माझ्या टेबलावर ढिगानं येतात. त्यांना आमच्या लेखी शून्य किंमत आहे. ती मुलं फसली आहेत हे त्यांना सांगायचं धाडस मला दर वेळी होत नाही. तुमच्या विभागानं ती प्रमाणपत्रं स्वीकारलीच नाहीत तर हा धंदा तुमच्यापुरता तरी बंद होईल. नोकरी किंवा इंटर्नशिप देण्यासाठी कोणी पैसे मागितले की तिथेच थांबायचं, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाला सांगा.

बिनपगारी इंटर्नशिपबद्दलही बोलायला हवं. तीन महिने फुकट काम करणं ज्याला परवडतं तोच ते करू शकतो. ज्याला सुट्टीत कमवावंच लागतं त्याचा बायोडेटा त्या जागी रिकामा राहतो, आणि आमच्यासारखे लोक त्या रिकाम्या जागेला ‘उत्साह कमी’ असं नाव देतात. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. त्याची मला खंत आहे. म्हणून माझी विनंती, की कंपनी तुमच्या मुलांना बोलावते तेव्हा चार गोष्टी लेखी मागा. काम नेमकं काय, देखरेख कोण करणार, मानधन किती, आणि संपताना लेखी अभिप्राय मिळणार का. ज्या कंपनीला ही चार उत्तरं देता येत नाहीत तिला मुलं पाठवू नका. कंपन्या नाराज होतील या भीतीनं तुम्ही मागत नाही हे मला माहीत आहे. टेबलाच्या या बाजूनं सांगते, आमच्यासारख्यांकडून कोणी हे मागितलं तर आम्ही देतो. फारसं कोणी मागतच नाही. आणि ज्यांना कमावणं भाग आहे त्यांच्यासाठी कॉलेजातच कामं आहेत: प्रयोगशाळेची मदत, संकेतस्थळ, ग्रंथालय, प्रवेशाच्या दिवसांतली मदतखिडकी. तिथे मानधन द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे वहीत लिहायला लावा. त्याचाही अनुभव म्हणूनच विचार होतो.

नकाराबद्दल कोणी काही शिकवत नाही. नकारापेक्षाही वाईट असतं ते मौन. चाळीस अर्ज केले, एकही उत्तर नाही, आणि मुलगा ठरवून टाकतो की आपण कामाचे नाही. खरं तर त्या चाळीस अर्जांत माहिती असते. कुठे, कधी, कोणत्या कामासाठी अर्ज केला आणि कुठपर्यंत पोचला, याचा साधा तक्ता असेल तर दिसतं, की बोलावणंच येत नसेल तर बायोडेटात किंवा कामाच्या निवडीत गडबड आहे. बोलावणं येतं पण पुढे सरकत नसेल तर सराव मुलाखतीचा हवा. दोन्ही मुलांना ‘आत्मविश्वास वाढव’ हा एकच सल्ला देणं अन्यायाचं आहे. तो तक्ता घेऊन कोणाजवळ तरी बसता यावं, एवढीच सोय लागते. दर आठवड्याला एक तास, दार उघडं असलेली एक खोली आणि घाई नसलेला एक माणूस. (आणि आमच्या बाजूनं: मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला, नकार असला तरी, दोन आठवड्यांत कळवायचं, हा नियम माझ्या विभागात आम्ही लावून घेतला आहे. त्याला फार वेळ लागत नाही.)

एक मागणी उरते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमच्या माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा झळकतो. तो एका मुलाचा असतो, आणि बहुधा त्याला तुमच्या मदतीची गरज सगळ्यात कमी असते. त्याऐवजी यंदा एक वेगळी मोजणी करा. शेवटच्या वर्षाची यादी घ्या आणि प्लेसमेंट विभागात एकदाही पाऊल न टाकलेल्या मुलांच्या नावांपुढे खूण करा. ती मुलं आळशी आहेत असं गृहीत धरू नका. कोणी दुपारी कामाला जातं, कोणाला इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून भीती वाटते, कोणाला वाटतं की हा विभाग फक्त जास्त गुणवाल्यांसाठी आहे. त्यांना सूचनाफलकावरून नव्हे, नावानं बोलवा. ज्या शिक्षकांशी त्यांचं जमतं त्यांच्याकरवी बोलवा. मग पुढच्या वर्षी ही यादी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची करा, त्यानंतर पहिल्या.

ग्रंथालयाच्या नोंदी नीट करणारी ती मुलगी आता तीन वर्षं आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी नव्यानं आलेल्या दोघांना तिनंच शिकवलं. आपल्या कॉलेजला तिनं दोनदा ईमेल पाठवली, की धाकट्या मुलांशी बोलायला मी कोणत्याही शनिवारी येऊ शकते, मला जे कळलं नव्हतं ते त्यांना सांगायचं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. तिच्यासारख्या कोणाची तरी ईमेल तुमच्याकडेही न उघडता पडलेली असेल. या आठवड्यात तिला उत्तर पाठवा.

आपली,
नवोदितांच्या मुलाखती घेणारी एक सहकारी